शेवंतीचा उन्हाळा

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होतो, संक्रांतीचं वाण लुटून होतं, आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या लोणंदच्या घराघरांत शेवंतीच्या कुंडीचे दिवस फिरतात. दिवाळीच्या तोंडावर हौसेने आणलेली, महिना-दीड महिना दारात मिरवलेली ती कुंडी जिन्याखाली सरकते. फुलं तपकिरी पडलेली असतात, खालची पानं वाळून काड्यांना चिकटलेली असतात. आठवड्याभरात ती घंटागाडीत जाते. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : “वाळली हो, आता काय ठेवायची?”

ती वाळलेली नसते. त्या काड्यांच्या बुडाशी माती बोटाने जरा उकरून पाहावी. जुन्या खोडापासून बोट-दोन बोटं अंतरावर पांढुरकी, कधी जांभळट छटेची टोकं वर येऊ पाहत असतात. एक टोक धरून माती आणखी बाजूला केली, तर ते जमिनीखालून आडवं सरकत आलेलं दिसतं. त्याला जागोजागी पेरं असतात आणि पेरांवर केसासारखी बारीक मुळं. टोकाला कोथिंबिरीच्या पानाएवढी दोन-तीन कोवळी पानं. ही शेवंतीची काशी. एका चांगल्या झाडाच्या बुडात अशा दहा-पंधरा काश्या सहज निघतात. म्हणजे आपण एक कुंडी टाकली असं समजतो, तेव्हा पुढच्या वर्षीच्या दहा-पंधरा कुंड्या टाकलेल्या असतात.

शेवंतीविषयी मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे : तिचं फूल दोन महिन्यांचं, पण झाड वर्षानुवर्षांचं. आणि आपल्या भागात तिला राखायचं असतं ते थंडीत नव्हे, उन्हाळ्यात.

बर्फातून राखणं आणि उन्हातून राखणं

शेवंतीवरची बरीचशी पुस्तकी माहिती थंड देशांतून आलेली आहे. तिकडे या झाडाचा मोठा शत्रू म्हणजे हिमकडाका. इंग्लंडमधला बागवान फुलं संपली की झाड वीतभर ठेवून छाटतो, मुळांचा गड्डा उकरून माती झटकतो, लाकडी पेटीत थोड्या मातीत बसवतो आणि काचेच्या झाकणाखाली जवळजवळ कोरडा ठेवतो. हिवाळा असा सरला की ऊब देऊन नवे कोंब काढतो आणि त्यांचे छाट लावतो.

हेच वाचून आपल्याकडेही काही जण डिसेंबरात शेवंती घरात घेतात. त्याची काही गरज नाही. लोणंदला थंडी पडली तरी रात्रीचा पारा दहा-बारा अंशांच्या आसपास घुटमळतो. एवढी थंडी शेवंतीला मानवते; तिच्यात फुलांचा रंग खुलतो आणि ती टिकतातही जास्त. आपली परीक्षा पुढे असते. लोणंद सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो, वारा कोरडा असतो, कुंडीचा काठ हाताला चटके देतो. शेवंतीची मुळं उथळ असतात. दोन दिवस पाणी चुकलं की काश्या करपतात. त्यातून वाचलेलं झाड पुढे श्रावण-भाद्रपदात पाणी साचून कुजतं. उन्हाळ्याची धग आणि पावसाळ्यातलं साचलेलं पाणी, या दोन्हींतून पार झालेली शेवंतीच दिवाळीला फुलते.

हे झाड किती चिवट आहे ते त्याच्या प्रवासावरून कळतं. शेवंती मूळची चीनची, आणि तिथे ती फार जुन्या काळापासून लावली जाते. चौथ्या-पाचव्या शतकातला चिनी कवी ताओ युआनमिंग याचं नाव तिथल्या परंपरेत शेवंतीशी कायमचं जोडलेलं आहे. चीनमधून ती जपानात गेली. जपानच्या राजघराण्याच्या मुद्रेवर आजही सोळा पाकळ्यांची शेवंती आहे. युरोपात तिने मूळ धरलं ते १७८९ मध्ये. मार्सेयचा व्यापारी पिएर ब्लांकार याने चीनहून तीन वाण जहाजातून आणले. त्यांतले दोन वाटेत मेले, जांभळ्या फुलांचा एक जगला. समुद्रप्रवासात दोन-तृतीयांश झाडं गमावूनही उरलेल्या एकातून वाण टिकतो, हे सामर्थ्य बुडातल्या त्या काश्यांचं आहे.

एक फूल, शेकडो फुलं

शेवंतीचं फूल हातात घेऊन एक पाकळी मुळापासून अलगद ओढा. पाकळीच्या खालच्या टोकाला एक इवलासा दाणा दिसेल. तो बीजाशय. म्हणजे आपण जिला पाकळी म्हणतो ते एक पूर्ण फूल आहे. सूर्यफूल, झेंडू, ॲस्टर यांच्याच कुळातली ही वनस्पती. या कुळात असंख्य बारकी फुलं एका तबकावर दाटीने बसून एका मोठ्या फुलाचा भास निर्माण करतात. कडेची फुलं जिभेसारखी लांब, मधली नळीसारखी आखूड. एकेरी शेवंतीत मधला पिवळा गोल स्पष्ट दिसतो. वेणीत माळतो त्या भरगच्च शेवंतीत जवळजवळ सगळीच फुलं जिभेच्या आकाराची होतात आणि मधला गोल झाकून जातो.

कार्ल लिनियसने १७५३ मध्ये या प्रजातीला ‘क्रिसॅन्थिमम’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘सोन्याचं फूल’ हे नाव दिलं. आपल्याकडे दसरा-दिवाळीला बाजारात पिवळ्याचा ढीग लागतो तेव्हा ते नाव पटतं. जिच्या फुलांपासून पायरेथ्रम हे कीटकनाशक काढतात ती पांढऱ्या फुलांची वनस्पतीही एके काळी याच प्रजातीत धरली जायची.

ओट्यावरचा दिवा

आमच्या ओट्यावर एका वर्षी एकाच झाडाच्या काश्यांपासून केलेल्या दोन कुंड्या होत्या. माती एक, खत एक, पाणी घालणारा हातही एक. एक कुंडी पायरीच्या कडेला होती, दुसरी दाराशेजारी. दिवाळीत पायरीकडची पिवळ्या फुलांनी भरून गेली आणि दाराशेजारची नुसती हिरवीगार, एकही कळी नाही. कारण सापडायला बरेच दिवस गेले. दाराशेजारच्या कुंडीवर ओट्याचा दिवा रात्रभर जळत असायचा.

शेवंती रात्र मोजते. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवून दिलं, की झाड कधी फुलणार हे दिवस किती लांब आहे यावर ठरतं. पुढच्या संशोधनातून कळलं, की झाड खरं तर अखंड अंधाराची लांबी मोजतं. रात्र पुरेशी लांब झाली तरच फुलणाऱ्या झाडांमध्ये शेवंतीचं नाव अगदी वर येतं. मध्यरात्री काही काळ उजेड पडला तरी तिच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात. ही मोजणी पानांत होते. रशियन शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात शेवंतीवरच एक प्रयोग केला. झाडाच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली आणि फक्त खालच्या पानांना लांब रात्रीचा अंधार दिला. तरी फुलं आली ती वरच्या उघड्या शेंड्याला. म्हणजे पानांनी रात्र मोजली आणि निरोप शेंड्यापर्यंत पोचवला. या निरोप्याला त्यांनी १९३७ मध्ये ‘फ्लोरिजन’ हे नाव दिलं.

आता लोणंदचा हिशोब मांडू. हे गाव साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १२ मिनिटांचा आणि सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा. लंडनला जूनमधला दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो. शेवंतीच्या बऱ्याच वाणांना कळी धरायला दिवस साधारण साडेचौदा तासांपेक्षा आणि ती कळी पुरी वाढून उमलायला साडेतेरा तासांपेक्षा लहान लागतो. म्हणजे युरोपात उन्हाळाभर दिवसच तिला रोखून धरतो. आपल्याकडे तो लगाम सैल आहे. त्यात पहाटे-संध्याकाळचा संधिप्रकाशही झाडाच्या हिशोबात धरला जातो, म्हणून जूनमध्ये थोडा अटकाव होतो एवढंच. मग आपली शेवंती थंडीच्या तोंडावरच का फुलते? कारण लांब रात्रीखेरीज तिला दोन गोष्टी लागतात : पुरेशी वाढ झालेलं झाड आणि मध्यम उष्णतामान. कडक उष्णतेत कळी धरणं लांबतं आणि धरलेली कळीही रेंगाळते. पावसाळ्यात झाड भरतं, आश्विनात रात्री वाढतात, हवा निवते आणि कळ्या एकदम सुटतात.

सैल लगामाचा एक तोटाही आहे, आणि तो थंड देशांतली पुस्तकं सांगत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री अजून लांब असतात, त्यामुळे वीतभरही न वाढलेल्या काशीला टोकाला कळी येते. फूल आलं म्हणून आपण हरखतो. पण त्या शेंड्याची वाढ तिथेच संपते. ही अवेळी कळी दिसली की खुडायची, दया दाखवायची नाही. हरितगृहात शेवंती करणारे शेतकरी याच कारणासाठी रोपं लहान असताना मध्यरात्री काही तास दिवे लावतात आणि झाड हव्या त्या उंचीला आलं की दिवे बंद करतात. आमच्या ओट्यावर जे नकळत झालं, तेच ते जाणूनबुजून करतात.

पंचांगाप्रमाणे शेवंती

शेवंतीचं वर्ष सणांना धरून लक्षात ठेवणं सोपं पडतं.

माघात, फुलं संपता संपता, झाड जमिनीपासून चार-सहा बोटं ठेवून छाटावं. वरची माती खुरप्याने मोकळी करावी, मूठ-दोन मुठी कुजलेलं शेणखत घालून पाणी द्यावं. महिन्याभरात बूड काश्यांनी भरतं. शेतात शेवंती असेल तर संपूर्ण रान अडवून ठेवायची गरज नसते. निरोगी, भरपूर फुललेली झाडं बहारातच खुणेची काडी रोवून निवडावीत आणि तेवढीच एका वाफ्यात हलवावीत. फूल डोळ्यांसमोर असतानाच ही निवड झाली पाहिजे. नंतर सगळे गड्डे सारखेच दिसतात.

चैत्र-वैशाख हे कसोटीचे महिने. कुंडी अशा जागी न्यावी जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. कडुनिंबाखाली, पूर्वेच्या भिंतीशी किंवा हिरव्या जाळीखाली चालतं. मातीवर दोन बोटं जाडीचं आच्छादन घालावं. आपल्या भागात यासाठी उसाच्या पाचटासारखी दुसरी वस्तू नाही, आणि नीरेच्या काठाला ते हवं तेवढं मिळतं. पाणी संध्याकाळी, माती थंडावल्यावर द्यावं. काश्या मेलेल्या दिसल्या म्हणून दिवसातून तीनदा पाणी घालू नये. उन्हाळ्यात तहानेने जितकी शेवंती मरते जवळजवळ तितकीच पाण्यात गुदमरून मरते. बोट मातीत पेरभर घालून ओल लागते का ते पाहावं आणि मगच झारी उचलावी. कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी बसतो आणि पानं धुरकट, पांढरट दिसू लागतात. आठवड्यातून दोनदा पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी तो बराच आटोक्यात राहतो.

ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की गड्डा उपटावा आणि काश्या वेगळ्या कराव्यात. मधलं जुनं खोड लाकडासारखं झालेलं असतं, ते टाकून द्यावं. कडेच्या, चार-पाच बोटं लांबीच्या, स्वतःची मुळं असलेल्या काश्या घ्याव्यात. शेतात सरी-वरंब्यावर दोन फूट बाय एक फूट अंतर पुरतं. कुंडी दहा-बारा इंचांची असावी, आणि तिच्यात दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. काश्या कमी असतील तर कोवळ्या शेंड्यांचे तीन बोटांचे छाट ओल्या वाळूत खोचावेत. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात.

याच दिवसांत माउलींची पालखी नीरा स्नान करून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. ज्याने पहिला पाऊस धरून काश्या लावल्या, त्याची रोपं पालखी पुढे चांदोबाच्या लिंबाकडे जाईतो रुजलेली असतात. आषाढी झाल्यावर, लागवडीला चार आठवडे झाले आणि रोप वीतभर झालं, की शेंडा खुडायचा. अंगठा आणि तर्जनीच्या नखांत दोन कोवळी पानं धरून टोक टचकन मोडायचं. हात धजत नाही, पण हे केलं नाही तर झाड काठीसारखं उंच जातं आणि टोकाला चार फुलं देतं. खुडलं की पानांच्या बगलांतून तीन-चार फांद्या निघतात. त्या वाढल्यावर त्यांचेही शेंडे एकदा खुडावेत. श्रावण सरण्याआधी खुडणं थांबवावं, नाही तर फुलांना उशीर होतो.

श्रावण-भाद्रपदात नजर पाण्याच्या निचऱ्यावर ठेवावी. कुंडीखाली दोन विटा सरकवल्या तरी निम्मं काम होतं. पाणी साचलं की मुळं कुजतात आणि भर हिरवं झाड एका दुपारी मान टाकतं. त्यानंतर उपाय नसतो. खालच्या पानांवर काळपट ठिपके दिसले की ती पानं तोडून लांब टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावं. ढगाळ हवेत शेंड्यांवर काळा मावा जमतो. सुरुवातीला निंबोळी अर्क पुरतो, उशीर केला तर पुरत नाही. याच महिन्यात फांद्यांना काड्यांचा आधार द्यावा.

आश्विनात कळ्या दिसतात. एक मोठं फूल हवं असेल तर प्रत्येक फांदीची मधली कळी ठेवून बाकीच्या काढाव्यात. हार-वेणीसाठी लहान फुलं भरपूर हवी असतील तर सगळ्या राहू द्याव्यात. कळीने रंग दाखवला की नत्राचं खत बंद करावं. आणि रात्री ओट्याचा दिवा मालवावा.

तीच काशी, पुढच्या हाती

सुट्या फुलांसाठी महाराष्ट्रात राजा, झिप्री, पिवळी आणि पांढरी रेवडी, बग्गी, सोनाली तारा अशी नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गॅमा किरणांच्या साहाय्याने नव्या रंगांचे वाण काढले, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनेही वाण दिले, आणि देशाचं पुष्प संशोधन संचालनालय तर आता पुण्यातच आहे. एकदा वाण हाती आला की तो पुढे काशीतूनच चालतो. बियांपासून केलेली शेवंती आईसारखी निघत नाही. काशीपासून केलेली हुबेहूब आईच असते. ऊस पिकवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. लोणंदजवळच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात १९३२ पासून उसाच्या जातींवर काम चालू आहे, आणि तिथून निघालेली जात शेतात पसरते ती कांडीवाटेच. कधी कधी एखाद्याच फांदीला वेगळ्या रंगाचं फूल येतं. त्या फांदीचा छाट लावला तर तो रंग टिकतो. शेवंतीचे कित्येक वाण असेच सापडलेले आहेत.

पण हुबेहूबपणाबरोबर रोगही वारशाने येतो. “वाण म्हातारा झाला” असं शेतकरी म्हणतात : झाड खुजं राहतं, फुलं बारीक आणि फिकी येतात, आणि खत वाढवूनही फरक पडत नाही. अनेकदा याचं कारण विषाणू किंवा विषाणूहूनही सूक्ष्म असा व्हायरॉइड असतो. तो रसातून पसरतो, कात्रीवाटे एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि काश्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहतो. त्याच्यावर औषध नाही. खुजं झाड जाळून टाकणं, छाटणी करताना कात्री ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करणं आणि दर वर्षी सर्वांत तजेलदार झाडाच्याच काश्या राखणं, हीच त्यावरची वाट आहे. बहारात खुणेची काडी रोवायची ती यासाठी.

माझ्या अंगणात आज जी पिवळी शेवंती आहे ती मी विकत घेतलेली नाही. पंधरा वर्षांपूर्वी पलीकडच्या आळीतल्या एका काकूंनी ज्येष्ठात ओल्या फडक्यात गुंडाळून सहा काश्या दिल्या होत्या. त्यांचं परस आता उरलेलं नाही. तिथे घर झालं. गेल्या पावसाळ्यात त्यांची सून काश्या मागायला आली, तेव्हा मी त्याच झाडाच्या बारा काश्या मोजून तिच्या हातात ठेवल्या. मधल्या काळात त्या झाडाने पंधरा उन्हाळे काढले होते, आणि प्रत्येक उन्हाळ्यात त्याला लागली ती थोडी सावली, बोटभर पाचट आणि संध्याकाळची एक झारी.

म्हणून या माघात कुंडी उचलून घंटागाडीकडे निघालात, तर क्षणभर थांबा आणि आधी तिच्या मातीत बोट घाला.